आत्याच्या उरलेल्या लोकरीतून जाळीचा स्कार्फ विणायचा आहे

अंत्रुजकन्या, फोंडा

सर्वांना नमस्कार. माझी आत्या लग्नानंतर बेळगावला स्थायिक झाली होती आणि दर थंडीत आम्हा भावंडांपैकी कुणा ना कुणासाठी तिच्या सुयांवर स्वेटर चढलेला असे. गेल्या वर्षी ती गेली. तिच्या विणकामाचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला असून त्यात लोकरीचे लहान-मोठे नऊ गुंडे आणि सुयांच्या चार जोड्या आहेत. खैरी रंग माझ्या भावाच्या स्वेटरचा आहे आणि मोहरीसारखा पिवळा माझ्या स्वतःच्या, हे पाहताक्षणीच ओळखू आले. भावाची मुलगी दिवाळीनंतर शिक्षणासाठी देहरादूनला जाणार आहे. आजीसमान आत्याच्या हातची लोकर तिच्या गळ्याभोवती असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुलट-उलट टाके, साधा स्वेटर, कानटोपी एवढे मला येते. जाळीची वीण मात्र कधी केलेली नाही. पानांच्या नक्षीची एक कृती मिळाली, तिच्यात 8 क्रमांकाच्या सुया सांगितल्या होत्या आणि डब्यात 8 क्रमांकाची जोडी होतीच, म्हणून 45 टाके घालून सुरुवात केली. तीन अडचणी आल्या. वीण अपेक्षेपेक्षा फारच घट्ट आणि अरुंद झाली. पिवळी लोकर संपवून हिरवी जोडली, तेथे कापडाला चुण्या पडल्या. आणि बारा ओळींनंतर मोजले तर 45 टाक्यांचे 41 झाले होते, पण ते कोठे गळले हे काही केल्या सापडेना. तीन वेळा उसवल्यामुळे पिवळ्या लोकरीचे तंतू आता सुटू लागले आहेत आणि पुन्हा हात लावायला भीती वाटते.

सर्व गुंड्यांचे मिळून वजन 172 ग्रॅम भरले. एवढ्यात स्कार्फ होईल का? निरनिराळ्या गुंड्यांची लोकर एकत्र कशी वापरावी, आणि पहिल्यांदाच जाळी विणणाऱ्याने कोणती नक्षी घ्यावी? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास फार उपकार होतील.

डिचोलीची विणकरीण

ताई, नक्षीचा विचार दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी त्या डब्यातील प्रत्येक गुंडा नेमका कशाचा आहे ते पाहा. चुण्या पडण्याचे कारण बहुधा तेथेच सापडेल. आपल्याकडे बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतात, त्यातील बरेच सूत अ‍ॅक्रिलिकचे असते. खरी लोकर विणल्यावर भिजवून ताणली की ताणलेल्या आकारातच वाळते. जाळीचे सगळे सौंदर्य या एका गुणावर उभे आहे, कारण सुयांवरून उतरलेली जाळी गोळा झालेल्या फडक्यासारखी दिसते आणि ताणून वाळवल्यावरच तिची छिद्रे उघडतात. अ‍ॅक्रिलिक नुसते भिजवून ताणले तर वाळल्यावर पुन्हा आक्रसते. एकाच स्कार्फमध्ये दोन्ही आले, तर एक पट्टा पसरलेला राहील आणि शेजारचा मागे ओढेल.

ओळखण्याची जुनी रीत जाळून पाहण्याची आहे. प्रत्येक गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत, पाण्याशेजारी पेटवावा. खरी लोकर संथ जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरडली की तिची भुकटी होते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळते, काळा धूर सोडते आणि टोकाशी टणक मणी राहतो. सुती दोरा कागदासारखा भडकतो. केसाचा वासही आला आणि मणीही राहिला, तर ते मिश्र सूत समजावे आणि या कामातून वगळावे.

त्यानंतर जाडी. फूटपट्टीवर अडीच सेंटिमीटर अंतरात दोरा न ताणता, पण एकाला एक लागून गुंडाळा आणि वेढे मोजा. ज्यांचे वेढे एक-दोनच्या फरकाने जुळतात ते गुंडे एकमेकांशेजारी चालतील. एकाचे सोळा आणि दुसऱ्याचे अकरा आले, तर तशी जोडी लावू नये. त्यातून चुण्या पडणारच.

उसवलेल्या पिवळ्या लोकरीची काळजी करू नका. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात रिठ्याचा थोडा फेस करून त्यात वीस मिनिटे ठेवा आणि न चोळता, न पिळता टॉवेलमध्ये दाबून टांगा. नागमोडी वळणे सुटतात आणि दोरा पुन्हा फुलतो. खरे तर वर्षानुवर्षे घट्ट गुंडाळून राहिलेल्या सर्वच लोकरीला हे करावे, कारण तिची लवचीकता दबलेली असते. पाणी गरम नको आणि चोळणेही नको, त्याने लोकर आटून तिचा नमदा होतो. खैरी रंगाची लडी भिजवताना पाण्यात पांढरे फडके टाकून ठेवा. रंग जात असेल तर तो आत्ताच कळलेला बरा, पांढऱ्या पट्ट्याशेजारी विणून झाल्यावर नव्हे.

लडी करताना दोरा बोटांतून जाऊ द्या आणि दर हातभर अंतरावर हलका झटका देऊन पाहा. आपल्या दमट हवेत डब्यात राहिलेल्या लोकरीला कसर लागलेली असू शकते आणि तेवढ्या जागी दोरा सहज तुटतो. जाळीत मधोमध तुटण्यापेक्षा आता तुटलेला बरा.

म्हापशेकर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी सुया आणि नक्षी यांबद्दल लिहितो. माझी आई म्हापशात वीस वर्षे विणकामाचे वर्ग घेत असे आणि मी तिच्याकडेच शिकलो.

घट्टपणाचे कारण जवळजवळ निश्चित सांगता येईल. आत्याच्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक असत. त्यात क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते: 8 क्रमांक म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन, 7 म्हणजे साडेचार आणि 6 म्हणजे 5 मिलिमीटर. अमेरिकन पद्धत याच्या नेमकी उलट असून तेथील 8 क्रमांकाची सुई 5 मिलिमीटरची असते. आपल्याला मिळालेली कृती अमेरिकन असावी. म्हणजे क्रमांक तोच राहूनही सुई पूर्ण एक मिलिमीटरने बारीक झाली, आणि जाळीत एवढा फरक फार मोठा असतो. यापुढे कोणतीही कृती घेताना क्रमांकाकडे न पाहता मिलिमीटर विचारावेत. चार-पदरी लोकरीसाठी आपण 7 क्रमांकाची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची जोडी घ्यावी. पावसाळ्यात हाताला घाम येऊन अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांवर दोरा अडकत असेल, तर बांबूच्या सुया वापरून पाहाव्यात. माझा तरी त्यांनी फार त्रास वाचवला आहे.

पानांची नक्षी मात्र आत्ता सोडून द्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पानाला अखंड एकरंगी पट लागतो. मध्येच रंग बदलला की पान तुटते आणि डोळ्याला आकृती सापडत नाही. उरलेल्या लोकरीला लाटांची वीण शोभते. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत. तेथील उन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम असत की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. त्याच बेटांवर ‘ओल्ड शेल’ नावाची एक साधी वीण प्रचलित आहे, जिला अनेक ठिकाणी ‘फेदर अँड फॅन’ असेही म्हणतात. ती रंगीत पट्ट्यांत विणण्याची तेथे रीतच आहे, आणि विणून झाल्यावर ती ओहोटीनंतर वाळूवर उमटलेल्या लाटांच्या रेषांसारखी दिसते. मांद्र्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चालताना मला हटकून ती वीण आठवते.

ही वीण 18 टाक्यांच्या गटांत बसते. आपण तीन गटांचे 54 आणि दोन्ही कडांना तीन-तीन असे एकूण 60 टाके घालावेत. कडेचे तीन टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणायचे, म्हणजे कड वळत नाही. मधल्या टाक्यांची पहिली ओळ सुलट. दुसरी, म्हणजे मागील बाजूची ओळ उलट. तिसरी ओळ नक्षीची: प्रत्येक गटात आधी तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र सुलट विणावेत, मग सहा वेळा ‘सुईवर दोऱ्याचा एक वेढा, एक टाका सुलट’ असे करावे, आणि पुन्हा तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र विणावेत. चौथी ओळ मागील बाजूने संपूर्ण सुलट, तिच्यामुळे पुढील बाजूस नाजूक उंचवटा उठतो. चार ओळी झाल्या की पुन्हा पहिलीपासून.

जाळीचे गणित एकदा समजले की भीती उरत नाही. वेढा हा नवा टाका असतो आणि तोच छिद्र निर्माण करतो. दोन टाके एकत्र विणले की एक टाका कमी होतो. वरच्या नक्षीत प्रत्येक गटात सहा टाके कमी होतात आणि सहा वाढतात, म्हणून 18 चे 18 राहतात. जेथे टाके कमी होतात तेथे कापड आत ओढले जाते, जेथे वाढतात तेथे पंख्यासारखे पसरते, आणि या ओढाताणीतूनच लाट तयार होते. आपले 45 चे 41 झाले, याचा अर्थ चार वेढे एकतर घ्यायचे राहिले किंवा मागील ओळीत सुईवरून निसटले. दर 18 टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची लहानशी कडी सुईत अडकवून ठेवावी आणि चौथ्या ओळीत प्रत्येक कडीपर्यंत टाके मोजावेत. चूक झाली तर ती कोणत्या गटात आहे हे तेथल्या तेथे कळते.

आणखी एक सवय लावून घ्यावी. दर आठ ओळींनी, दुसऱ्या ओळीनंतर, सुईवरील सर्व टाक्यांतून बोथट सुईने एक गुळगुळीत पांढरा सुती दोरा ओवून तसाच राहू द्यावा. पुढे काही बिघडले तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येते, त्याखालचा एकही टाका सुटत नाही. जाळी साध्या विणीसारखी मधूनच उसवून पुन्हा सुईवर चढवणे नवख्या हाताला जमत नाही. सुरुवातीचे टाके दोन सुया एकत्र धरून घालावेत आणि शेवटी टाके बंद करताना एक क्रमांक जाड सुई घ्यावी. किनार घट्ट राहिली तर लाट पसरत नाही.

मुरगावकर

एक छोटी पण महत्त्वाची सूचना. भिजवून ताणताना ज्या टाचण्या लावाल त्या न गंजणाऱ्या, स्टेनलेस स्टीलच्याच असाव्यात. आमच्याकडे खाऱ्या हवेत साध्या टाचण्यांना एका रात्रीत तांब चढते आणि लोकरीवर पडलेला तो डाग निघत नाही. माझी मोतिया रंगाची शाल अशीच कायमची डागाळली. शिवाय श्रावणात आपल्याकडे काहीच धड वाळत नाही. ओली लोकर दोन-तीन दिवस तशीच राहिली तर कुबट वास धरते, म्हणून ताणण्याचे काम चवथीनंतर पाऊस ओसरला की करावे, किंवा पंख्याखाली करावे.

अंत्रुजकन्या, फोंडा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व करून पाहिले. नऊपैकी तीन गुंडे, मिळून 58 ग्रॅम, अ‍ॅक्रिलिकचे निघाले, आणि ज्या हिरव्या दोऱ्याने चुण्या पडल्या होत्या तो त्यांतलाच होता. खऱ्या लोकरीचे सहा गुंडे उरले: खैरी 34 ग्रॅम, मोतिया 27, मोहरी 19, बाटलीसारखा गडद हिरवा 15, राखाडी 12 आणि जांभळा 7, एकूण 114. राखाडी सोडून सर्वांचे वेढे सोळा किंवा सतरा आले. राखाडीचे मात्र बावीस आले, म्हणजे ती बरीच बारीक आहे. खैरीचा रंग पांढऱ्या फडक्यावर उतरला नाही. जांभळ्या लोकरीत दोन ठिकाणी कसर लागलेली सापडली, तेथे ती तुटलीच.

7 क्रमांकाच्या सुयांवर मोहरीने लाटांच्या वीस ओळी विणल्या. टाके साठच्या साठ राहिले, आणि पहिल्यांदा छिद्रांची रांग सरळ उमटलेली पाहिली तेव्हा आत्या जवळ असती तर किती बरे झाले असते, असे वाटून गेले. वीस ओळींना 5 ग्रॅम लोकर लागली. आता राखाडीचे काय करावे, रंगांचा क्रम कसा लावावा आणि इतकी टोके कशी लपवावीत, हे कळत नाही. शिवाय लाटेमुळे स्कार्फचे खालचे टोक सुंदर कमानदार झाले आहे; दुसरे टोक तसेच येईल का?

डिचोलीची विणकरीण

फार छान मोजणी केलीत. राखाडी लोकर दुहेरी घ्या. दोन दोरे एकत्र धरले की जाडी दुप्पट होत नाही, साधारण दीडपटीच्या आत राहते. बावीस वेढ्यांचा दोरा दुहेरी केला की पंधरा-सोळावर येतो आणि बाकीच्यांशी जुळतो.

वीस ओळींना 5 ग्रॅम म्हणजे चार ओळींच्या एका लाटेला सुमारे 1 ग्रॅम. ताणल्यावर एक लाट पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास भरते असे धरले, तर 160 सेंटिमीटर लांबीला नव्वदच्या घरात लाटा लागतील. आपल्याजवळ 114 ग्रॅम आहे. टोके, किनार आणि चुकांसाठी दहा-बारा ग्रॅम राखूनही स्कार्फ निश्चित पुरा होतो. वजन मात्र सर्व रंगांचे एकाच दिवशी, एकाच बैठकीत करा. लोकर हवेतील ओल स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पावसाळ्यात 34 ग्रॅम दाखवणारा गुंडा डिसेंबरात तेवढाच भरेल असे नाही.

दोन्ही टोके सारखी येण्यासाठी प्रत्येक रंगाचे वजनाने दोन समान भाग करा आणि स्कार्फचे दोन अर्धे स्वतंत्र विणा, दोन्ही टोकांपासून मध्याकडे. मध्यभागी प्रत्येक अर्ध्याच्या तीन-चार साध्या ओळी ठेवून सुईवरचे उघडे टाके बोथट सुईने एकमेकांत ओवून जोडावेत, म्हणजे शिवण दिसत नाही. रंगही आपोआप आरशातल्यासारखे दोन्हीकडे सारखे येतात. जांभळा सर्वांत कमी आहे, तो प्रत्येक टोकाच्या किनारीला तीन लाटांपुरता वापरा; मधल्या भागात खैरी आणि मोतिया आलटून पालटून येऊ द्या, कारण गळ्याभोवती तोच भाग राहणार आहे.

टोकांबाबत: खऱ्या लोकरीची दोन टोके चार बोटे उलगडून, त्यांचे पदर एकमेकांवर ठेवून, थोडे ओले करून तळहातांत जोराने चोळली की ती एकजीव होतात, कारण लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात आणि ते एकमेकांत अडकतात. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीला हे जमत नाही, तेव्हा आधी लहान तुकड्यावर करून पाहा. जांभळ्या लोकरीचे तुटलेले भाग असेच जोडावेत. दोन रंग जेथे मिळतात तेथे मात्र ही रीत नको, रंग मिसळून ठिपका दिसतो. रंग नेहमी पहिल्या ओळीला बदला; चार ओळींनी दोरा पुन्हा त्याच कडेला येतो, म्हणून लगेच लागणारा रंग न तोडता कडेने वर नेता येईल आणि निम्मी टोके मुळात निर्माणच होणार नाहीत.

म्हापशेकर

मधल्या जोडाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. साठ उघडे टाके ओवून जोडणे हे पहिल्या जाळीच्या कामात अवघड आहे, आणि ताण कमी-जास्त झाला तर नेमकी मानेवर येणारी ती ओळ कायम दिसत राहते. मी असतो तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग विणले असते. शेवटचे टोक कमानदार येतेच, फक्त थोडे सौम्य येते. ताणताना प्रत्येक लाटेच्या टोकाला टाचणी लावून पुढे ओढले की फरक सहज लक्षात येत नाही. तरीही दोन अर्धेच करायचे असतील, तर आधी अ‍ॅक्रिलिकचे दोन लहान तुकडे विणून त्यांवर जोडाचा सराव करावा. त्या 58 ग्रॅमचा त्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

डिचोलीची विणकरीण

सरावाची सूचना मला मान्य आहे. जोड मात्र सोडू नये, असेच मी म्हणेन. ताईंचा हात वीस ओळींतच बसलेला आहे आणि दिवाळीला अजून वेळ आहे. दोन गोष्टी पाळल्या की मानेवरची ओळ दिसत नाही: दोन्ही अर्धे दुसऱ्या ओळीनंतर, म्हणजे साध्या उलट ओळीवर थांबवायचे, आणि ओवताना दोरा ओढून घट्ट करायचा नाही. तो सैलच राहू द्यावा, मग पूर्ण ओळ झाल्यावर सुईच्या टोकाने एकेक टाका शेजारच्या टाक्याएवढा करत जावे. या कामासाठी मध्यभागी जो रंग येईल त्याचा स्कार्फच्या रुंदीच्या चौपट लांब दोरा आधीच मोजून बाजूला ठेवा, कारण अर्ध्यावर दोरा संपला तर तेथे गाठ येईल.

अंत्रुजकन्या, फोंडा

काल रात्री अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यांवर जोड करून पाहिला. पहिला खडबडीत झाला, दुसऱ्यात चार टाके घट्ट राहिले, तिसरा मात्र यजमानांना शोधूनही सापडला नाही. म्हणून दोन अर्धेच करायचे ठरवले आहे. सर्व रंगांचे वजनाने दोन-दोन भाग करून वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवले आहेत आणि मधल्या जोडासाठी खैरीचा दीड मीटर दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळून त्याच डब्यात ठेवला आहे. आज दुपारी पहिल्या अर्ध्यासाठी जांभळ्या लोकरीचे साठ टाके दोन सुया एकत्र धरून घातले. चवथीनंतर ताणायला घेईन तेव्हा टाचण्यांच्या अंतराबद्दल पुन्हा विचारीन.